चार एकर गवत आणि तीन गोऱ्हे

पत्राचा सारांश: एका वाचकाने आणि त्यांच्या पत्नीने दोन वर्षांपूर्वी घराला लागून साडेचार एकर जमीन घेतली. दोघंही नोकरी करतात. त्यातल्या चार एकरांवर नुसतं गवत आहे. ते कमरेएवढं वाढतं आणि कापून टाकण्यात सुट्ट्या जातात. घरात मांस खाल्लं जातं, पण ते जनावर कसं जगलं हे कधीच कळत नाही, याची दोघांना रुखरुख आहे. म्हणून मांसासाठी थोडी गुरं पाळावीत असं त्यांच्या मनात आहे. बेत असा, की दोन गाभण गायी आणि एक वळू घ्यायचा, म्हणजे पुन्हा विकत काही आणायला नको. शेजारच्या गृहस्थांनी बाटलीने दूध पाजून वाढवलेला दीड वर्षाचा खोंड स्वस्तात देऊ केला आहे. नऊ वर्षांच्या मुलीने त्याला नावही ठेवलं आहे. पत्नीचं म्हणणं, ज्याला रोज हाताने चारलं त्याला कापायला पाठवणं आपल्याला जमणार नाही. वाचक विचारतात, "गवत फुकट आहे, जनावरं चरतील, यात एवढं अवघड काय? आणि सुरुवात कोणत्या जातीपासून करावी?"

तुमच्या पत्रात जातींबद्दल चार प्रश्न आहेत आणि पाण्याबद्दल एकही नाही. मी हे दोष काढण्यासाठी सांगत नाही. सुरुवात करणारा जवळपास प्रत्येक जण आधी जनावर बघतो, कारण जनावर डोळ्यांत भरतं. मीही तसंच केलं होतं. पण जात हा तुमचा पहिला प्रश्न नाही, पाचवा-सहावा असेल. पहिला प्रश्न गवताचा आहे, आणि तो सुटलाय असं तुम्ही धरून चालला आहात.

कमरेएवढं गवत दिसायला भरघोस असतं, पोटाला हलकं असतं. फुलोऱ्यावर आलं की त्याच्या काड्या होतात, पानं कमी उरतात. जनावर ते खातं, पण अंगी लागत नाही. शिवाय गवत वर्षातले काही महिने वाढतं आणि जनावराला बाराही महिने भूक लागते. आता हिशेब करू. गुरं रोज साधारण आपल्या वजनाच्या अडीच टक्के चारा खातात, तोही वाळल्या वजनात मोजलेला. तीनशे किलोच्या जनावराला रोज साडेसात किलो. हिरव्या गवतात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, म्हणजे ताजं गवत धरलं तर तीस किलोच्या आसपास. अशी तीन जनावरं वर्षभर ठेवायची तर वाळला चारा आठ टनांच्या वर लागतो. आणि चार महिने रानात काही उगवत नसेल तर तेवढ्या काळासाठी, नासाडी धरून, साडेतीन टन वाळलेलं गवत गंजीला लावलेलं हवं. ते तुम्ही कापणार, की विकत आणणार? ठेवणार कुठे? भिजलं आणि बुरशी धरली तर ते चारा म्हणून संपलं.

म्हणून येत्या सुट्टीत एक काम करा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी लाकडी चौकट बनवा. कुरणात सात-आठ ठिकाणी ती टाका. दाट गवत निवडू नका, चालत जा आणि जिथे पडेल तिथे टाका. आतलं गवत जमिनीपासून चार बोटं सोडून कापा, उन्हात कडक वाळवा आणि तोला. सरासरी 200 ग्रॅम आली तर एकरी सुमारे 800 किलो झालं, कारण एकरात 4,047 चौरस मीटर असतात. असं गवत वर्षातून किती वेळा फुटून येतं, हे दोन वर्षांत तुम्ही पाहिलंच आहे. त्या आकड्यातून तुडवलेलं आणि शेणाने माखलेलं बरंच वजा करा. जे उरेल ते तुम्हाला सांगेल की तुमच्या रानात दोन जनावरं बसतात, तीन बसतात की एकही नाही. ओल्या, सुपीक कुरणात एक-दोन एकरांत एक जनावर निभतं. कोरड्या माळावर त्याच्या दसपट जमीन पुरत नाही. त्यामुळे कुणी सांगितलेला एकरी आकडा घेऊ नका, तुमचा तुम्ही काढा.

चार बोटं सोडायला सांगितलं त्याला कारण आहे. कधी चरणाऱ्या गुराजवळ शांत बसून बघा. गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे नुसती कडक हिरडी असते. जनावर जीभ बाहेर काढून गवताच्या झुपक्याभोवती गुंडाळतं, आत ओढतं आणि मान झटकून तोडतं. त्या तोडण्याचा एक करकरीत आवाज असतो, तो ऐकायला मला अजून आवडतो. गवत फार आखूड झालं की जिभेला पकडायला काही उरत नाही, जनावर दिवसभर तोंड हलवतं आणि उपाशी राहतं. शिवाय जंतांची पिल्लं गवताच्या बुंध्यापाशीच जास्त असतात, आणि मुळात साठा नसला की गवतही पुन्हा लवकर फुटत नाही. म्हणून कुरणाचे पाच-सहा तुकडे करा, एका तुकड्यातलं गवत चार बोटं उरलं की जनावरं पुढच्यात सोडा आणि मागच्याला तीन-चार आठवडे विसावा द्या, कोरड्या दिवसांत आणखी. एवढं केलंत तर तेच चार एकर जास्त पोसतील.

आता गायी आणि वळू. "पुन्हा विकत आणायला नको" हा विचार मला कळतो. स्वतःचं सगळं स्वतः उगवण्याची ओढ त्यात आहे आणि ती मोलाची आहे. पण तिची किंमत बघा. गाय साधारण 283 दिवस गाभण राहते, वासरू सहा-आठ महिने आईला पितं, मग त्याला तयार व्हायला आणखी वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर दोन गायी, वळू, गेल्या वर्षीची दोन वासरं आणि यंदाची दोन, अशी सात तोंडं चार एकरांवर उभी राहतील. त्यातल्या वळूला दोन गायींपुरतं वर्षातून काही दिवसांचं काम, आणि दोन वर्षांत तो स्वतःच्याच कालवडींवर जाऊ लागेल. रात्री दोनला वासरू अडलं तर हात घालून ते वळवायला कोण येणार, हेही आज तुम्हाला माहीत नाही. गायी पाळायच्या असतील तर जरूर पाळा, पण तिसऱ्या-चौथ्या वर्षी, आणि त्याही कृत्रिम रेतनावर.

पहिल्या वर्षासाठी माझ्या मते तुम्हाला हवेत दोन किंवा तीन खच्ची केलेले गोऱ्हे, वर्ष-सव्वा वर्षाचे, अडीचशे ते तीनशे किलोचे. गवत फुटायच्या सुमारास आणायचे आणि गवत संपताना मोकळं व्हायचं. चांगल्या कुरणावर, खुराक न घालता, असं जनावर दिवसाला अर्धा-पाऊण किलो वाढतं. दोनशे दिवसांत शंभर-दीडशे किलो. उन्हाळ्या-हिवाळ्याची वैरण साठवायची झंझट पहिल्याच वर्षी गळ्यात पडत नाही. नुकतंच दूध तुटलेलं सात-आठ महिन्यांचं वासरूही घेता येईल. ते स्वस्त पडतं आणि तुमच्या हाताखाली जास्त काळ राहतं, पण त्याला एक पूर्ण कोरडा हंगाम पोसावं लागतं आणि लहान वयात आजारही जास्त येतात. दुसऱ्या खेपेला ते करा. विकणाऱ्याने सांगितलेल्या वजनावर विश्वास ठेवू नका, टेप घेऊन जा: पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचात, भागिले 660. घेर 60 आणि लांबी 50 असेल तर 273 किलो. अंदाजच तो, पण फसवणूक टळण्यापुरता पुरेसा.

तीन आणा, दोन आणा, पण एक आणू नका. मी पहिल्यांदा एकच आणला होता, आधी एकावर शिकू म्हणून. तीन दिवस तो कुंपणाच्या कडेने हंबरत फिरत राहिला, चारा तोंडाला लावला नाही. त्या वाटेवरचं गवत झिजून माती उघडी पडली. चौथ्या रात्री कुंपण मोडून दीड किलोमीटरवरच्या कळपात जाऊन उभा राहिला. तिथे सापडला तेव्हा रवंथ करत निवांत बसलेला होता. गुरं कळपाची असतात. एकट्याला चैन पडत नाही, आणि बेचैन जनावर अंग धरत नाही.

मग त्या शेजारच्या खोंडाचं काय? तो घेऊ नका. इथे मला अजिबात संदिग्ध राहायचं नाही, कारण तुमच्या घरात नऊ वर्षांचं मूल आहे. बाटलीवर, माणसांत वाढलेला नर माणसाला आपल्यातलाच एक समजतो. लहानपणी डोकं घासतो, ते गोड वाटतं. वयात आला की तीच ढुशी चारशे-पाचशे किलोची होते, आणि तो तुमच्याशी जागेसाठी झुंजतो. कळपात वाढलेला वळू माणसापासून अंतर राखतो, याला ते अंतरच माहीत नसतं. आजवर त्याने काही केलं नाही, म्हणून पुढे करणार नाही असं नसतं. आता खच्ची केला तरी लागलेली सवय जाईलच याची खात्री नाही.

जातीबद्दल एवढंच, की तुमच्या हवामानात, तुमच्या आसपास जी जनावरं नुसत्या गवतावर सुस्थितीत दिसतात, त्यातली घ्या. मोठ्या चणीच्या जाती फक्त गवतावर उशिरा भरतात. आणि जात कोणतीही असो, स्वभाव बघा. तुम्ही कळपात शिरल्यावर जो डोकं उंच करून डोळे विस्फारतो आणि कुंपणावर धडकतो, तो कितीही देखणा असला तरी मागे ठेवा.

जनावर यायच्या आधी तीन गोष्टी तयार हव्यात. गोठा त्यात नाही. सावली आणि वाऱ्या-पावसाला आडोसा एवढं बहुतेक ठिकाणी पुरतं. पाणी हवं: एका मोठ्या जनावराला रोज 30 ते 50 लिटर, उकाड्यात त्याहून बरंच जास्त, आणि ते प्रत्येक तुकड्यात पोचलं पाहिजे. कुंपण हवं. बाहेरची हद्द पक्की, आतले तुकडे एका-दोन झटका तारांनी पाडले तरी चालतात, फक्त नवीन जनावरांना आधी लहान आवारात त्या तारेची ओळख करून द्या. तिसरी गोष्ट खोडा, आणि तीच सगळे विसरतात. तीनशे किलोचं जनावर चार एकरांत मोकळं असताना पशुवैद्य त्याला सुई टोचू शकत नाही. एक छोटं मजबूत आवार, त्यातून निघणारी एका जनावराच्या रुंदीची गल्ली आणि शेवटी मान अडकवायची सोय. रोजचं पाणी किंवा मिठाची वीट त्या आवारातच ठेवा, म्हणजे जनावरं आपल्या पायांनी आत येतील आणि धरायच्या दिवशी पळापळ होणार नाही.

गुरं हाकताना ओरडायचं नसतं. त्यांचे डोळे बाजूला असतात, जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त बरोब्बर पाठीमागचं दिसत नाही. म्हणून मागून अचानक गेलं की लाथ बसते. प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य कड असते. तिच्या आत पाऊल टाकलं की ते सरकतं, मागे घेतलं की थांबतं. खांद्याच्या मागच्या बाजूने आत शिरलात तर पुढे जातं, खांद्याच्या पुढून शिरलात तर मागे वळतं. अमेरिकेतल्या पशुविज्ञान अभ्यासक टेम्पल ग्रँडिन यांनी जनावराच्या नजरेतून गल्ल्या आणि आवारं कशी असावीत यावर आयुष्यभर काम केलं. जमिनीवर पडलेली सावली, लोंबणारी साखळी, वाऱ्याने हलणारा कपडा, अशा क्षुल्लक गोष्टींनी गुरं अडतात हे त्यांनी दाखवून दिलं. जनावर अडलं की आधी वाकून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून समोर बघा.

आणखी एक काम आत्ताच करा: रान पायाखाली घाला. तारांचे तुकडे, खिळे, जुनी बॅटरी, रंगाचे डबे उचला. गुरं चारा न चावताच गिळतात, रवंथ नंतर. गिळलेली तार पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात अडकते आणि तो कप्पा हृदयाला लागून असतो. त्यासाठी पशुवैद्य जनावराला एक गुळगुळीत लोहचुंबक गिळायला देतात. तो त्याच कप्प्यात जन्मभर राहतो आणि लोखंड धरून ठेवतो. जुन्या बॅटरीतलं शिसं चाटूनही जनावरं दगावतात. कुंपणालगत कण्हेर असेल तर काढा, तिची थोडी पानंही जनावराला पुरतात. घाणेरी असेल तर तीही. बागेतली छाटणी कुंपणापलीकडे टाकायची सवय घरात कुणाला असेल तर ती मोडा.

जनावरं आणाल त्या दिवशी लगेच कुरणात सोडू नका. आवारात वाळलेलं गवत आणि पाणी द्या, रात्रभर शांत राहू द्या. प्रवासाच्या ताणाने पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसाचे आजार येतात, तेव्हा रोज सकाळी बघा: कान पडलेत का, एकटं उभं आहे का, रवंथ करतंय का. ताप 39.3 अंश सेल्सियसच्या वर गेला तर वाट बघू नका. लसी आणि जंताचं औषध कोणतं, कधी, हे तुमच्या भागातल्या आजारांवर ठरतं. ते पशुवैद्याला जनावरं यायच्या आधी भेटून ठरवा, अडचणीच्या रात्री पहिली ओळख नको. चारा बदलायचा तर दोन आठवड्यांत हळूहळू. पोटातल्या जिवाणूंना तेवढा वेळ लागतो. उपाशी जनावर ओल्या लसूणघासात सोडलं तर डावी कूस फुगून येते, ती तासा-दोन तासांत जीव घेऊ शकते. धान्याचं पोतं फोडून पोटभर खाल्लं तरी तेच भय, म्हणून खुराक कुलपात. कोवळी ज्वारी फुलोऱ्यावर येईपर्यंत चारू नका, तिच्यात विष असतं.

आता तुमच्या पत्नीचं म्हणणं. तुम्ही ते पत्रात शेवटी, अडचण म्हणून लिहिलंय. मला वाटतं घरातला सगळ्यात नीट विचार त्यांनी केला आहे. जनावर आणायच्या आधी ते कुठे, कसं आणि कोणाच्या हातून संपणार हे ठरलेलं असलं पाहिजे. काही ठिकाणी गोवंशाच्या कत्तलीला कायद्याने पूर्ण बंदी आहे. तुमच्याकडे तसं असेल तर हा बेत तिथेच थांबतो. परवानगी असेल तिथेही कानातला बिल्ला, नोंदणी, वाहतूक, घरच्यापुरतं कापणं आणि मांस विकणं यांचे नियम वेगवेगळे असतात. कत्तलखान्याची तारीख अनेकदा महिनोन्महिने आधी घ्यावी लागते. आजच फोन करा. दिलेल्या प्रत्येक औषधाची तारीख वहीत लिहा, कारण औषधानंतर ठरावीक दिवस मांस खाता येत नाही. आणि चारशे किलोच्या जनावराचं धड साधारण 200 किलो भरतं, त्यातून हाडं-चरबी जाऊन 140 किलोच्या आसपास मांस मिळतं. त्याला 250 ते 300 लिटरचा फ्रीझर लागतो, एका जनावराला. तीन जनावरांचं काय कराल? बहुधा एक घरी, दोन जिवंत विकायची, आणि त्यात तिघांचा खर्च निघाला तर पहिलं वर्ष चांगलं गेलं म्हणायचं.

शेवटच्या दिवशी जनावर घाबरलं, धावलं, त्याला मार बसला तर त्याच्या स्नायूंतली साखर संपते, मांसाला हवा तेवढा आंबटपणा येत नाही आणि ते काळपट, चिकट होतं, लवकर खराब होतं. म्हणजे ज्या मायेपोटी तुमची पत्नी कचरते आहे, तीच माया शेवटच्या दिवसापर्यंत टिकवणं हेच या कामातलं कौशल्य आहे. त्या मायेला बाजूला सारून हे काम होत नाही. माझ्या गोऱ्ह्यांना मी आजही नावं ठेवते, आणि गाडीत चढवताना दरवेळी घशाशी आवंढा येतो. तो यायचा थांबेल असं मी तुमच्या पत्नीला सांगणार नाही. पण हंगामाच्या शेवटी "नाही जमणार" असं ठरलं, तर गोऱ्हे जिवंत विकता येतात. हा दरवाजा उघडा ठेवायला हवा, आणि गायींचा कळप झाला की तो इतका सहज उघडत नाही.

मुलीला पहिल्याच दिवशी सांगा, हे गोऱ्हे किती दिवस आपल्याकडे आहेत आणि मग काय होणार आहे. नाव ठेवायचं असेल तर ठेवू द्या, पाणी भरायचं काम द्या, आवाराच्या आत मात्र तुमच्याशिवाय पाऊल नाही. जायच्या दिवशी समोर असायचं की नाही हे तिचं तिला ठरवू द्या. "दुसऱ्या कुरणात गेला" असं खोटं सांगू नका. मुलांना ते कळतं, आणि मग बाकीचंही खोटं वाटू लागतं.

तुम्ही दोघं नोकरी करता, तेव्हा सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं कोण देणार आणि तुम्ही चार दिवस बाहेर गेलात तर कोण बघणार, हे कागदावर लिहा. त्या दुसऱ्या ओळीत मला वाटतं शेजारच्या गृहस्थांचं नाव येईल. त्यांचा खोंड घेऊ नका, पण का घेत नाही हे मोकळेपणाने सांगा आणि गोऱ्हे उतरवायच्या दिवशी त्यांना बोलवा. गुरं पाहण्यात त्यांची वर्षं गेली आहेत. गाडीतून उतरताना कोणतं जनावर लंगडतंय हे तुमच्याआधी त्यांना दिसेल. आणि गवताचं वजन आलं की मला कळवा, वाळवून केलेलं. त्यावरून दोन की तीन, ते पुढच्या पत्रात ठरवू.